जुन्या पिकअपला मागे डिस्क ब्रेक लावायचे आहेत, पण हँडब्रेकचं काय करावं?

तीन_नद्या

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९८५ ची शेव्हरले सी-१० पिकअप आहे, आखूड हौद्याची, चार गिअरची मॅन्युअल. राहतो अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गला. पुढे कंपनीचेच डिस्क ब्रेक आहेत, मागे ११ इंची ड्रम. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचा तळ खाऊन टाकतं. मागच्या बॅकिंग प्लेट गंजून पापुद्रे सुटलेत, अ‍ॅडजस्टरचे स्क्रू फिरत नाहीत, हँडब्रेकच्या केबली आवरणातच चिकटल्यात. सगळं उघडून नवंच घालायचं आहे, तर मग मागेही डिस्क का नको, असा विचार आहे. या गाडीसाठी तयार किट मिळतात. ब्रॅकेट, रोटर (म्हणजे डिस्क), कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळणारा भाग), होज सगळं एका खोक्यात.

अडलंय ते हँडब्रेकवर. (या गाडीत तो डाव्या पायाने दाबायचा असतो आणि डॅशखालचा दांडा ओढून सोडायचा, पण सवयीने हँडब्रेकच म्हणतो.) स्वस्त किटमध्ये हँडब्रेकची सोयच नाही. ज्यात आहे त्यात दोन प्रकार दिसतात. एकात कॅलिपरलाच लिव्हर आहे, सत्तरच्या दशकातल्या कॅडिलॅक एल्डोराडोच्या कॅलिपरसारखी. दुसऱ्यात डिस्कच्या टोपीत (मधल्या फुगीर भागात) छोटा ड्रम आणि त्यात वेगळे शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानी). पैशांत बराच फरक आहे.

घरासमोरचा रस्ता चांगलाच उताराचा आहे, गाडी ऑटोमॅटिक नाही म्हणजे गिअर 'पी'ला (पार्क) टाकायचा आधार नाही, आणि पेनसिल्व्हेनियात दरवर्षीच्या तपासणीत हँडब्रेक बघतात. त्यामुळे तो नावापुरता असून चालणार नाही. कोणी हे काम केलंय का? काय निवडावं?

पाना_चौदा

आमचं कोल्हापुरात गॅरेज आहे, जीप आणि पिकअपचीच कामं जास्त. तुमच्या गाडीला हात लावलेला नाही, पण मागे डिस्क बसवायची कामं केलीत, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली: किट घेताना आधी हँडब्रेक ठरवा, मग कॅलिपर. लोक उलटं करतात. चकचकीत लाल कॅलिपर बघून ऑर्डर देतात आणि गाडी जॅकवर चढल्यावर विचारतात, केबल कुठे जोडू?

दुसरी: लिव्हरवाल्या कॅलिपरचा स्वभाव समजून घ्या. त्याच्या पिस्टनच्या आत स्क्रू असतो. लिव्हर ओढली की स्क्रू फिरतो आणि पिस्टन पुढे सरकतो. पॅडचा लायनर घासला की जी फट पडते ती भरून काढायचं काम हीच यंत्रणा करते, आणि तेही हँडब्रेक ओढून सोडल्यावर. ज्याला हँडब्रेक लावायची सवय नाही त्याच्या गाडीत ही फट वाढत जाते आणि पायातलं पेडल खाली खाली जायला लागतं. मग तो मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा) बदलतो, पुन्हा पुन्हा ब्रेक लाइनमधली हवा काढतो, दोष मात्र भलतीकडेच असतो. हा कॅलिपर घेतलात तर रोज, सपाटीवरसुद्धा, हँडब्रेक लावायचा. बसवताना केबल जोडायच्या आधी लिव्हर हाताने बऱ्याचदा मागेपुढे करून पॅड डिस्कच्या जवळ आणून ठेवा, मगच हवा काढा. आणि पॅड बदलताना पिस्टन शिकंज्याने दाबू नका, फिरवून आत घालायचा असतो. दाबलात तर आतला स्क्रू गेला.

आमच्याकडे एक गाडी आली होती, दुसरीकडे काम झालेली. पेडल कितीही पंप मारला तरी स्पंजी. बघतो तर डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे. हवा काढायचं निपल खाली आलेलं. हवा वर जाते, निपल खाली, मग ती निघणार कशी? अदलाबदल केली, पेडल दगडासारखं घट्ट.

चाकणकर

चांगला धागा. ब्रेकच्या चाचण्यांशी माझा रोजचा संबंध आहे, त्यामुळे जरा आकडेमोड करतो. हँडब्रेकबद्दल अंदाजाने बोलण्यात अर्थ नसतो.

अमेरिकेत हलक्या वाहनांसाठी आज जे मानक आहे (एफएमव्हीएसएस १३५), त्यात गाडी २० टक्के चढावर, चढाकडे तोंड करून आणि उताराकडे तोंड करून, प्रत्येकी ५ मिनिटं हँडब्रेकवर उभी राहिली पाहिजे. पायाने लावायचा असेल तर ५०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये, हाताने असेल तर ४००. तुमची गाडी या मानकाच्या आधीची आहे, पण मापदंड म्हणून हाच धरा. २० टक्के म्हणजे २० अंश नव्हे बरं का, साधारण ११ अंश.

समजा रिकामी गाडी १८०० किलो. २० टक्के चढावर ती साधारण ३५० किलोच्या जोराने खाली ओढली जाते. टायरची त्रिज्या ३६ सेंटिमीटर धरली तर मागच्या प्रत्येक चाकाला ६२० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क रोखायचा आहे. आता लिव्हरवाल्या कॅलिपरचं बघा. पॅडचा जोर डिस्कच्या केंद्रापासून १२.५ सेंटिमीटरवर पडतो आणि घर्षणांक ०.३५ आहे असं धरा. दोन्ही बाजूंचे पॅड मिळून हा टॉर्क द्यायला डिस्क जवळजवळ ७,००० न्यूटनने आवळावी लागते. म्हणजे ७०० किलोच्या वर, एकेका चाकाला! हे सगळं तुमच्या पायाच्या दाबातून, पेडलचा दांडा, केबल, इक्वलायझर (ओढ दोन्ही चाकांत वाटणारा दुवा), लिव्हर आणि स्क्रू यांच्यातून यायचं आहे. वाटेत केबलला दोन जादा वळणं आली की त्यातला मोठा वाटा घर्षणातच जातो.

ड्रमचं तसं नसतं. चाक फिरायला लागलं की ते शूला आपल्याबरोबर ओढतं, शू आणखी घट्ट रुतून बसतो, आणि पहिला शू दुसऱ्याला ढकलतो. थोड्या जोरात मोठा टॉर्क मिळतो. डिस्कमध्ये हा फायदा मुळातच नाही. म्हणून डिस्कच्या टोपीत छोटा ड्रम घालायची पद्धत आली. ज्या जोडणीत दोन शू एकमेकांना ढकलतात तिथे व्यास कमी असूनही केबलला कितीतरी कमी ताकद लागते. फोर्डने १९९५ पासूनच्या एक्सप्लोररला मागच्या ८.८ इंची एक्सलवर हीच रचना दिली होती. म्हणूनच भंगारातून तो एक्सल काढून जीपला लावणारे तुमच्याकडे पुष्कळ आहेत. तुमच्या सी-१० ला तो सरळ बसणार नाही, त्याच्या बोल्टचं वर्तुळ ४.५ इंची, तुमचं ५ इंची. पण हीच रचना असलेलं किट सी-१० साठी शोधा. उतार आणि मॅन्युअल गिअर हे दोन्ही लक्षात घेता माझं मत स्पष्टपणे छोट्या ड्रमच्या बाजूने आहे.

एक प्रश्न मात्र विचारतो. मागे डिस्क नक्की कशासाठी? रिकाम्या गाडीचं थांबायचं अंतर यामुळे फारसं कमी होणार नाही. तुमचे ड्रम चाक लॉक करू शकत असतील तर पुढची मर्यादा टायरची आहे, ब्रेकची नाही.

तीन_नद्या

चाकणकर, पाना_चौदा, मनापासून आभार. इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं.

कशासाठी, तर दोन कारणं. एक, हौद्यात सरपण आणि कधीकधी दगड असतात, आणि लॉरेल हिलच्या डोंगरावरून रूट ३० ने खाली उतरताना मागचे ड्रम तापून ब्रेक हलका पडतो. खालचा गिअर टाकूनच उतरतो, तरीही. दोन, मीठ. ड्रमच्या आत गेलेला चिखल आणि मीठ आतच राहतं. पॅड बाहेरून दिसतात, धुता येतात, तासाभरात बदलता येतात.

घाटवाट

माझ्याकडे जुनी महिंद्रा जीप आहे. तिचा हँडब्रेक चाकांवर नाहीच, ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर एक ड्रम आहे. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरलाही तसाच. तुम्ही शाफ्टवर असा ब्रेक बसवून चाकांचे कॅलिपर साधे का ठेवत नाही? डिफरन्शियलच्या गुणोत्तराचा फायदा मिळतो, छोटा ब्रेकही मोठं काम करतो. माझी जीप आंबेनळी घाटात कुठेही उभी करा, हलत नाही.

पाना_चौदा

घाटवाट, तुमचं म्हणणं बरोबर, पण धोका सांगायलाच हवा. शाफ्ट धरला तरी दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल आहे. एक मागचं चाक जॅकवर उचललं की ते उलटं फिरतं, दुसरं सुलटं, आणि गाडी जॅकवरून घरंगळते. चाक बदलताना खाली वाकलेला माणूस असतो. जीपवाल्यांना ही सवय असते, ते आधी दगड लावतात. पिकअप उसनी नेणाऱ्या मित्राला ते ठाऊक नसतं. शिवाय क्रॉस (शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट) तुटला की हँडब्रेकही गेला. आणि शाफ्टचा ब्रेक चालत्या गाडीत ओढायचा नसतो, मुख्य ब्रेक निकामी झाला तर त्याचा भरवसा नाही.

सह्याद्री_रायडर

इतकी भानगड कशाला? मागच्या लाइनमध्ये लाइन-लॉक घाला. ब्रेक दाबायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा, ऑइल आत अडकलं की चाकं लॉक. ऑनलाइन स्वस्तात मिळतो.

चाकणकर

सह्याद्री_रायडर, कृपया हे कोणी करू नका. हँडब्रेक यांत्रिकच हवा. अडकवलेलं ऑइल थंड झालं की आकुंचन पावतं, दाब उतरतो. एखाद्या सीलमधून थेंब जरी झिरपला तरी रात्रीतून दाब शून्यावर. मानकांमध्येही पार्किंग ब्रेक यांत्रिक पद्धतीने धरून ठेवणारा असावा, अशीच अट असते. संध्याकाळी घट्ट उभी असलेली गाडी पहाटे कोणाच्या अंगणात असेल सांगता येत नाही. लाइन-लॉक ड्रॅग रेसच्या सुरुवातीच्या काही सेकंदांसाठी असतो.

तापमानावरून लिव्हरवाल्या कॅलिपरबद्दलही एक महत्त्वाची गोष्ट. घाट उतरून तापलेली गाडी लगेच हँडब्रेकवर उभी केली तर डिस्क आणि पॅड थंड होताना आक्रसतात आणि पकड सैल होते. गाडी दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप निघाल्याच्या घटना यातूनच होतात. आजच्या इलेक्ट्रिक हँडब्रेकचा संगणक म्हणून काही वेळाने पुन्हा आवळतो. ड्रम उलट थंड होताना शूवर घट्ट बसतो. लॉरेल हिल उतरून लगेच उभी करणार असाल तर हे विसरू नका.

सरपंच_पिकअप

मी साताऱ्याजवळचा. माझी बोलेरो पिकअप आहे, मागे ड्रम. भाजी भरून पुण्याला जाते. हे काम माझ्या गाडीला करता येईल का? किती खर्च?

चाकणकर

दादा, तुम्ही करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल मालकाला करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा वाद वेगळाच.

तांत्रिक कारणही आहे. मालवाहू गाड्यांच्या मागच्या ब्रेकचा दाब कंपनीने रिकाम्या आणि भरलेल्या वजनाचा हिशोब करून ठरवलेला असतो. काही गाड्यांत त्यासाठी एक्सलशी जोडलेला व्हॉल्व्ह असतो, एबीएस असेल तर त्याचं गणितही त्याच ड्रमवर बसवलेलं असतं. तुमच्या ड्रमचे लायनर चांगल्या प्रतीचे घाला, गोलाई तपासून घ्या, अ‍ॅडजस्टर मोकळे ठेवा. भाजीच्या वजनाला ते पुरेसे आहेत.

सरपंच_पिकअप

समजलं. लायनरच बदलतो.

तीन_नद्या

ठरलं. छोट्या ड्रमवालं किट मागवलंय. आता ऑइलच्या बाजूचं विचारतो. मास्टर सिलिंडर आणि पितळी व्हॉल्व्ह जुनेच ठेवले तर चालतील?

पाना_चौदा

नाही, तसेच ठेवू नका. ड्रमच्या लाइनमध्ये बहुतेक वेळा एक रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, १० पीएसआयच्या आसपास दाब सतत ठेवणारा. ड्रमला तो हवा, कारण शूच्या स्प्रिंग जोरदार असतात. डिस्कला तसल्या स्प्रिंग नाहीत. तो राहिला तर पॅड कायम डिस्कला घासतात, चाक तापतं, हौद्याखाली जळका वास येतो. तपासायला सोपं आहे: पेडल सोडून थोडा वेळ थांबा आणि निपल सैल करा. ऑइल जोरात उडालं तर व्हॉल्व्ह आहे. डिस्क-डिस्कसाठीचा मास्टर सिलिंडर घेतलात की हा प्रश्न मिटतो, आणि मागच्या कॅलिपरला लागणारं जादा ऑइलही त्याच्या टाकीत मावतं.

चाकणकर

आणि जुना पितळी कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह डिस्क-ड्रमसाठी बेतलेला आहे. तो पुढच्या डिस्कला क्षणभर थांबवतो, म्हणजे मागचे शू आधी ड्रमला टेकावेत. मागे डिस्क आल्यावर त्या थांबण्याचं कारण उरत नाही. त्याजागी डिस्क-डिस्कचा व्हॉल्व्ह आणि मागच्या लाइनमध्ये तिथला दाब कमी करणारा, फिरवून जुळवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घाला.

या जुळवणीत घाई करू नका. आखूड हौद्याच्या सी-१० चा व्हीलबेस ११७.५ इंच, म्हणजे जवळजवळ ३ मीटर. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे असं धरा. ०.८ जीने (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट मंदावत) कचकन ब्रेक मारला तर एकूण वजनाचा सुमारे १९ टक्के भाग मागून पुढे जातो. रिकाम्या पिकअपच्या मागे आधीच ४०-४२ टक्केच असतं, ते २१-२३ वर येतं. तेवढ्या वजनावर मागचे नवे डिस्क सहज लॉक होतात. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी गर्रकन फिरते, स्टिअरिंगचा काही उपयोग राहत नाही. मोकळ्या ओल्या मैदानात, हौदा रिकामा ठेवून, ताशी ३०-४० किलोमीटरच्या वेगाने तपासा. कोणी तरी बाहेर उभं राहून चाकं बघितली पाहिजेत. पुढची आधी लॉक व्हायला हवीत, दर वेळी.

तीन_नद्या

काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो. पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल.

या एक्सलमध्ये शाफ्ट आतून सी-आकाराच्या क्लिपने धरलेले असतात. म्हणजे बॅकिंग प्लेट काढायला डिफरन्शियलचं झाकण उघडावंच लागतं. ऑइल काढलं, आतल्या पिनचा लॉक बोल्ट सोडला, पिन सरकवली, शाफ्ट आत ढकलला की क्लिप बोटाने निघते. शाफ्ट बाहेर आल्यावर दोन्ही बाजूंची सील बदलली. जुन्या सीलमधून झिरपलेलं ऑइल ड्रमच्या आत दिसतच होतं, ते नव्या शूवर पडलं असतं तर हँडब्रेक वायाच.

ब्रॅकेट बसवताना सगळ्यात जास्त वेळ गेला. एक्सलच्या फ्लँजवर गंजाचे फोड होते, ते वायर ब्रशने पार धातू दिसेपर्यंत घासले. फ्लँज सपाट नसेल तर कॅलिपर तिरका बसतो आणि पॅड पाचरीसारखा झिजतो. रोटर नट लावून आवळला आणि डायल गेजने डगमग तपासली. शाफ्टला सी-क्लिपमुळे आतबाहेर थोडी मोकळीक असतेच, हाताने ढकलली की जाणवते. मी सरकता कॅलिपर घेतला त्याचं कारण हेच. दोन्ही बाजूंनी पिस्टन असलेला पक्का कॅलिपर घेतला असता तर प्रत्येक वळणावर डिस्क पिस्टनना मागे ढकलत राहिली असती आणि पुढच्या ब्रेकला पेडल खोल गेलं असतं.

केबली नव्या घेतल्या. मागच्या दोन्ही केबली मूळ मार्गापेक्षा मोकळ्या वळणाने नेल्या, एक्सल वरखाली होताना ताण येत नाही ना ते गाडी घोडीवर ठेवून बघितलं. दोन्ही बाजूंचे शू आधी चाकापाशी जुळवले, केबल सैल ठेवून. रोटर हाताने फिरवताना अगदी हलका घासल्याचा आवाज येईल इतके, आणि मग केबलचा ताण. उलटं केलं तर केबल शूना कायम अर्धवट ओढून ठेवते.

तपासणीत पास झाली. समोरच्या उतारावर, दोन्ही तोंडांनी, हललीसुद्धा नाही.

घाटवाट

अभिनंदन! पिट्सबर्गला म्हणे एक ३७ टक्के चढाचा रस्ता आहे. तिथे उभी करून दाखवा.

चाकणकर

कॅन्टन अ‍ॅव्हेन्यू. तिथे मुळीच नको, आणि त्याचं कारण हँडब्रेक नाही. पिकअपला हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर. रिकामी गाडी ३७ टक्के उतारावर खाली तोंड करून उभी केली तर मागच्या चाकांवर एकूण वजनाचा तिसरा हिस्साच उरतो. कोरड्या रस्त्यावरसुद्धा टायरची पकड साधारण गाडीच्या वजनाच्या २२ टक्के भरते, ओढ मात्र जवळजवळ ३५ टक्के. चाकं पूर्ण लॉक असूनही गाडी घसरेल. पहिला गिअर टाकून फायदा नाही, तोही मागच्याच चाकांना धरतो. बर्फ असेल तर हाच हिशोब तीन_नद्यांच्या घरासमोरच्या उतारालाही लागू. हिवाळ्यात पुढची चाकं अशी वळवूनच ठेवा की गाडी घसरली तर ती कडेच्या दगडाला टेकतील, आणि चाकांना उताराच्या बाजूने लाकडी ठोकळे लावा.

तीन_नद्या

ठोकळे हौद्यात ठेवलेच आहेत. चाकणकर, एकच शेवटचं: हे छोटे शू चालत्या गाडीत कधी वापरलेच जात नाहीत. मग त्यांचा बेड-इन (नवा लायनर ड्रमशी घासून नीट बसवणं) कसा करायचा?

चाकणकर

रिकाम्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास, सोडायचा दांडा ओढून धरून, पेडल हलक्या पायाने थोडं दाबा आणि शे-दोनशे मीटर जाऊ द्या. मग सोडा, चाक थंड होऊ द्या, परत करा. जोरात दाबायचं नाही, लायनर चकाकून जातो. नंतर अ‍ॅडजस्टर पुन्हा एकदा तपासा, एखाद-दुसरा दात फिरवावा लागेल. आणि मिठाचे दिवस संपले की एप्रिलमध्ये रोटर काढून शू बघत जा. न वापरलेल्या शूचा लायनर गंजाने पत्र्यापासून सुटतो, आणि बाहेरून ते अजिबात दिसत नाही.